राणीचा छळ आणि राजाचा आश्रय: फादर थॉमस स्टीफन्स यांचे जीवन

कैसराला कर द्यावा की देऊ नये, हा पेच परुश्यांनी प्रभू येशूपुढे टाकला, तो प्रसंग आपण दर तीन वर्षांनी रविवारच्या शुभवर्तमानात ऐकतो. ऐकताना तो सोपा वाटतो. राजाचे राजाला द्यावे, देवाचे देवाला द्यावे, एवढेच. परंतु राजाच जेव्हा देवाच्या नावाने हुकूम काढू लागतो, तेव्हा काय करायचे? आणि धर्मगुरूच जेव्हा राजाच्या खजिन्यातून पगार घेऊ लागतो, तेव्हा त्याच्या तोंडचे शुभवर्तमान लोकांना कसे ऐकू येते? हे प्रश्न पुस्तकी नाहीत. आपल्या मराठी भाषेतील पहिले मोठे ख्रिस्ती काव्य ज्यांनी लिहिले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे सारे आयुष्य या दोन प्रश्नांमध्ये गेले. एका देशात राजसत्ता त्यांच्या श्रद्धेच्या जिवावर उठली होती. दुसऱ्या देशात तीच सत्ता त्यांच्या श्रद्धेची पाठीराखी होती. दोन्ही अनुभव एकाच माणसाच्या वाट्याला येणे दुर्मीळ आहे. म्हणून त्यांची ओळख आपण करून घेऊ या.

पहिली तीनशे वर्षे ख्रिस्तसभेकडे कोणतीही सत्ता नव्हती. रोमन बादशहा ख्रिस्ती लोकांना कधी सहन करीत, कधी ठार मारीत. इ. स. ३१३ मध्ये बादशहा कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले आणि ३८० मध्ये थिओडोशियस बादशहाने ख्रिस्ती श्रद्धा हाच साम्राज्याचा धर्म ठरविला. छळ थांबला, मंदिरे उभी राहिली, याबद्दल आपण देवाचे आभारच मानतो. पण त्याच दिवसापासून एक नवी अडचणही सुरू झाली. राजाला वाटू लागले की धर्म आपल्या ताब्यात आहे आणि धर्माधिकाऱ्यांना वाटू लागले की तलवार आपल्या मदतीला आहे. युरोपात पुढची हजार-बाराशे वर्षे ही ओढाताण चालू राहिली. थॉमस स्टीफन्स जन्मले तेव्हा ती इंग्लंडमध्ये अगदी टोकाला गेली होती.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्याआधी १५३४ साली राजा आठव्या हेन्रीने पोपमहोदयांशी संबंध तोडून स्वतःलाच इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणून घोषित केले होते. थॉमस लहान असताना मेरी राणी गादीवर आली. ती कॅथलिक होती. तिच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट लोकांना जिवंत जाळण्यात आले. १५५८ साली तिची बहीण एलिझाबेथ राणी झाली आणि चक्र उलटे फिरले. आता कॅथलिक मिस्सा बेकायदा ठरली आणि सरकारी चर्चमध्ये न जाणाऱ्यांना दंड होऊ लागला. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी राणीला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले आणि तिच्या आज्ञा पाळण्याच्या बंधनातून प्रजेला मोकळे केले. हेतू कॅथलिकांच्या रक्षणाचा होता, परिणाम मात्र उलटा झाला. त्या दिवसापासून राणीच्या नजरेत प्रत्येक कॅथलिक माणूस संभाव्य राजद्रोही ठरला. एका घराण्यातल्या तीन राज्यकर्त्यांनी एका पिढीत देशाचा धर्म तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी मरण आले ते सामान्य माणसाला.

तरुण थॉमस कॅथलिक श्रद्धेला धरून राहिले. त्यांचा थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत मित्र होता. हा पूर्वी राणीच्या दरबारात होता. दरबारात नृत्य करताना तो पडला, राणीने सर्वांसमक्ष त्याचा अपमान केला आणि त्या क्षणापासून त्याचे मन दरबारातून उठले, असे सांगतात. स्टीफन्स त्याच्या घरी नोकर म्हणून वावरत. प्रत्यक्षात दोघे मिळून प्रार्थना करीत आणि अडचणीतल्या कॅथलिक कुटुंबांना मदत करीत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचे ठरविले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निसटले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये येशूसंघात दाखल झाले.

मित्राला ते विसरले नाहीत. १५७८ साली त्यांनी येशूसंघाच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे पाउंडसाठी अर्ज केला. तुरुंगात राहूनच त्याला संघाचा सभासद म्हणून स्वीकारण्यात आले. इकडे इंग्लंडमध्ये परिस्थिती अधिकच बिघडत गेली. १५७७ मध्ये फादर कथबर्ट मेन यांना आणि १ डिसेंबर १५८१ रोजी फादर एडमंड कॅम्पियन यांना फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. स्टीफन्स मायदेशी परतले असते तर त्यांचेही तेच झाले असते. त्यांनी मात्र संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वाटेने भारतात जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा तो प्रवास सहा महिन्यांहून अधिक चालला. दीडशेहून जास्त माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला पोहोचले. त्यानंतर लगेच त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले आणि इंग्लंडमध्ये आवडीने वाचले गेले. भारतात वास्तव्य केलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्यापूर्वी एकवीस वर्षे हा इंग्रज इथे आला होता, तोही व्यापारासाठी नव्हे.

गोव्यात त्यांना जे दिसले ते इंग्लंडच्या अगदी उलट होते. इथे राजा कॅथलिक, व्हाइसरॉय कॅथलिक, कायदा कॅथलिक. पंधराव्या शतकात पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला विशेष अधिकार दिले होते. नव्या प्रदेशांत चर्च बांधणे, धर्मगुरूंचा खर्च चालविणे ही राजाची जबाबदारी आणि त्या बदल्यात महागुरूंची नावे सुचविण्याचा अधिकारही राजाचा. या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणतात. हिच्यामुळे मिशनरी भारतात आले, शाळा आणि इस्पितळे उभी राहिली, हे खरे आहे. पण हिच्यामुळेच शुभवर्तमान आणि पोर्तुगीज झेंडा एकाच जहाजातून उतरले, हेही तितकेच खरे आहे.

स्टीफन्स यांना १५८० साली गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांना दक्षिण गोव्यातील साष्टी महालात पाठविण्यात आले. (मुंबईजवळची साष्टी ती वेगळी.) साष्टी १५४३ पासून पोर्तुगीजांकडे होती आणि तिथले धर्मकार्य येशूसंघाकडे सोपविलेले होते. ते येण्यापूर्वी १५६७ साली या महालातली सुमारे २८० देवळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पाडली होती. आपल्याला ठाऊक असलेला मंगेशीचा देव मूळचा कुठ्ठाळीचा आणि कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची. भक्तांनी आपल्या देवता नदीपलीकडे आदिलशहाच्या मुलखात नेऊन वाचविल्या. अनाथ मुलांना सरकारी हुकमाने बाप्तिस्मा दिला जाई. ख्रिस्ती होणाऱ्याला नोकरीत झुकते माप मिळे. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयही बसले होते आणि त्याचा जाच बहुतांशी बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच होई. जुनी एखादी चालरीत पाळली, तरी चौकशी होत असे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने कोणालाही जबरदस्तीने ख्रिस्ती करू नये असे ठरविले आणि त्याच परिषदेने देवळे पाडण्याची मागणीही राजाकडे केली. एका हाताने स्वातंत्र्य द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते काढून घ्यायचे, असा हा प्रकार होता.

याचा भडका १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावी उडाला. त्याआधी पोर्तुगीज सैन्याने त्या भागातली देवळे पाडली होती. गावकरी संतापलेले होते. अशा वेळी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना जमावाने ठार मारले. त्यांत फादर रुडॉल्फ अक्वाविवा होते, जे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. बादशहाच्या दरबारात ते हाती कोणतीही सत्ता नसताना तीन वर्षे निर्धास्त राहिले आणि ख्रिस्ती राजाच्या मुलखात त्यांना मरण आले. या विरोधाभासावर आपण थोडे थांबून विचार करायला हवा. पाचही जण निःशस्त्र होते, त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही आणि १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना धन्य म्हणून घोषित केले. परंतु पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तिथे त्यांना ठार मारले. एकच जण निसटला, असे सांगतात. ज्यांनी सूड न घेता मरण पत्करले, त्यांच्या नावाने सरकारने सूड घेतला.

या घटनेनंतर तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात आपल्या बांधवांच्या हत्येची हकीकत आहे. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी नोंदविले. हे नाते सर विल्यम जोन्स यांनी जगापुढे मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. ज्या लोकांनी आपल्या सोबत्यांना मारले, त्यांच्या भाषेत हा माणूस आपल्या शिक्षणातल्या सर्वांत आदरणीय भाषांची बहीण पाहत होता. त्यांचे पुढचे सारे काम या दृष्टीतून झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग आला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांच्या दोन इंग्रज सोबत्यांना होर्मूझला पकडून हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. तोवर पोर्तुगालचे राज्य स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेले होते आणि इंग्लंडशी त्याचे वैर वाढत होते. हे कैदी इंग्रज होते, एलिझाबेथ राणीची शिफारसपत्रे घेऊन आलेले होते. याच राणीच्या तुरुंगात पाउंड खितपत पडला होता. स्टीफन्स यांनी डोळेझाक केली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. उलट स्वतः इंग्रज असल्यामुळे त्यांच्यावर संशय येण्याचीच भीती होती. तरीही त्यांनी खटपट करून जामीनदार मिळविले आणि डिसेंबर १५८३ मध्ये कैद्यांची सुटका झाली. फिच पुढे गोव्यातून पळाला, उत्तर भारत फिरून मायदेशी परतला आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने या फादरांचे ऋण नोंदवून ठेवले.

स्टीफन्स यांनी साष्टीत सुमारे चाळीस वर्षे घालविली. मडगाव आणि राचोल इथे ते राहिले. ते कोकणी शिकले आणि मराठीही शिकले. बोलण्याची भाषा कोकणी, पण पुराण-पोथीची भाषा मराठी, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी रचलेली कोकणीतील ख्रिस्ती शिकवण १६२२ साली छापली गेली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली. दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ख्रिस्तपुराण. ते का लिहिले, याचा प्रसंग त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच दिला आहे. राचोलच्या चर्चमध्ये धर्मशिक्षण झाल्यावर एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना विचारले की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग आम्ही वाचायचे काय? आमच्यासाठी दुसरे पुराण का रचीत नाही? प्रश्न साधा होता, पण त्यात मोठी वेदना होती. सरकारने हुकूम काढून पोथ्या काढून घेतल्या होत्या. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात घरातल्या सर्वांनी बसून ऐकण्याची गोष्टच नाहीशी झाली होती. हुकमाने माणसाचे घर रिकामे करता येते, पण ते भरता येत नाही, हे त्या प्रश्नातून स्पष्ट झाले.

फादरांनी उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, त्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वर, त्यात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन आणि पुनरुत्थान. छंद ओवीचा, म्हणजे ज्ञानोबांचा आणि एकनाथांचा. संत एकनाथ १५९९ साली समाधिस्थ झाले, म्हणजे ते स्टीफन्स यांचे समकालीनच होते. स्वर्गाला स्टीफन्स यांनी वैकुंठ म्हटले. मराठी भाषेची थोरवी गाणारा त्यांचा भाग तर शाळेच्या पुस्तकांतूनही अनेकांनी वाचला असेल. हे पुस्तक देवनागरीत छापावे अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला लिहिलेल्या पत्रात या लिपीसाठी सहाशेच्या आसपास साचे लागतात, ही अडचण मांडली आहे. साचे मिळाले नाहीत. शेवटी १६१६ साली राचोलला ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६१९ साली वयाच्या सत्तरीत फादर स्टीफन्स गोव्यात देवाघरी गेले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आवाज उठविला, असे म्हणता येत नाही. ते त्याच व्यवस्थेत राहिले, तिच्याच परवानगीने त्यांचा ग्रंथ छापला गेला आणि त्यांच्या ओव्यांत मूर्तिपूजेवर टीकाही आहे. त्यांना आजच्या काळातले धर्मस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते ठरविणे चुकीचे होईल. परंतु सत्तेच्या सावलीत राहूनही दोन मार्ग असतात. एक हुकमाचा आणि एक भाषेचा. हुकमाचा मार्ग त्यांच्यासमोर आयता तयार होता. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे दुसऱ्या मार्गावर खर्च केली.

दोन्ही मार्गांचे पुढे काय झाले, हे इतिहासाने दाखविले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावे. १७५९ साली ज्या पोर्तुगीज सत्तेने येशूसंघाला आणले, तिनेच त्याला आपल्या सर्व मुलखांतून हाकलून दिले. १८१२ मध्ये धर्मन्यायालय कायमचे बंद झाले. १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ताच गेली. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती एकही उरल्या नाहीत. पण ग्रंथ मेला नाही. लोकांनी हाताने नकला केल्या. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या सोबत नेल्या आणि पिढ्यान् पिढ्या वाचल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला आणि १९५६ साली पुण्याचे शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. फादरांची इच्छा साडेतीनशे वर्षांनी एका हिंदू अभ्यासकाच्या हातून पूर्ण झाली.

१९५६ हे साल आपल्या नागपूरलाही विसरता येणार नाही. त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती नियोगी समितीचा अहवाल तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारला सादर झाला. परकीय पैसा आणि परकीय सत्ता यांच्या बळावर धर्मांतरे होतात, असा त्याचा रोख होता. आपल्या धर्माधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. पण हा संशय कुठून आला, हे समजायला साष्टीच्या पाडलेल्या देवळांची आठवण उपयोगी पडते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यामागे कोणत्याही राजाचा हुकूम नव्हता. माणूस आपल्या विवेकाने देवाधर्माचा निर्णय घेऊ शकतो, हे स्वतंत्र भारताच्या घटनेतील २५ व्या कलमाचे म्हणणे त्या दिवशी सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

ख्रिस्तसभेनेही पुढे हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, असे शिकविले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या बळजबरीबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली.

प्रिय बंधुभगिनींनो, आज आपण इथे संख्येने थोडे आहोत. सत्ता आपल्या हाती नाही आणि याचे कधी कधी आपल्याला वाईट वाटते. फादर स्टीफन्स यांचे जीवन आपल्याला धीर देते. श्रद्धेला जेव्हा सत्ता मिळाली, तेव्हा ती नेहमीच अधिक पवित्र झाली असे नाही. टिकले ते शेजाऱ्याच्या भाषेत, प्रेमाने आणि मेहनतीने सांगितलेले. येत्या उपवासकाळात घरातल्या सर्वांनी मिळून ख्रिस्तपुराणातील दुःखसहनाचे एखादे अवस्वर वाचून पाहावे. जुनी मराठी सुरुवातीला अवघड वाटेल. आजी-आजोबांनी मोठ्याने वाचावे आणि मुलांनी अर्थ विचारावेत. आणि प्रार्थना करताना, आज जगात ज्यांचा श्रद्धेपायी छळ होत आहे अशा सर्व धर्मांच्या लोकांची आठवण ठेवावी. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.